नवा रिसीव्हर घ्यावा की वेगळे अ‍ॅम्प? जुन्याचं फक्त एचडीएमआय गेलंय

प्रश्न

नमस्कार. आमचा होम थिएटर रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा) अकरा वर्षांचा आहे, सात चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर चालवणारा. दोन महिन्यांपूर्वी टीव्हीवरचं चित्र अधूनमधून लुकलुकायला लागलं, मग हिरव्या ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला आणि एक दिवस पडद्यावर नुसतं 'सिग्नल नाही'. दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडून पाहिला. एचडीएमआयचा, म्हणजे चित्र-आवाज आत घेणारा बोर्ड गेलाय, तो आता मिळत नाही, बाकी आवाजाची बाजू ठणठणीत आहे, असं त्याने सांगितलं. सध्या टीव्हीतून ऑप्टिकल वायर लावून भागवतेय.

स्पीकर मला बदलायचे नाहीत, ते बाबांनी हौसेने घेतलेले आहेत. समोर दोन उभे टॉवर, ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध, तो कमी तितका रिसीव्हरवर भार जास्त), कागदावर संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर निघणारा आवाज, ८६ डेसिबल. मध्ये ६ ओहमचा सेंटर, ज्यातून मुख्यतः संवाद येतात, मागे दोन छोटे सराउंड आणि स्वतःचा अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारं यंत्र) असलेला, खालच्या घुमणाऱ्या आवाजांचा सबवूफर. खोली १६ बाय १२ फूट, आम्ही पडद्यापासून साधारण १० फुटांवर बसतो. पुढे कधीतरी छतावर दोन स्पीकर लावून अ‍ॅटमॉस (वरूनही येणारा आवाज) करायची इच्छा आहे, पण घाई नाही.

आता खरी अडचण. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि रोज रात्री आम्ही दोघं मिळून सिनेमा बघतो. त्यांना संवाद नीट कळत नाहीत. 'आवाज येतोय गं, पण शब्द सुटत नाहीत,' असं ते म्हणतात. म्हणून मी सेंटर ४ डेसिबलने वाढवून ठेवलाय आणि रिमोट हातातच असतो. कुजबूज आली की वाढवायचा, गाडी उलटली की कमी करायचा. दोन तासांत वीस-पंचवीस वेळा तरी हे होतं.

एका ओळखीच्या माणसाने ठामपणे सांगितलं की रिसीव्हर हा सगळ्याचा थोडाथोडा मसाला असतो, आवाज मोकळा हवा असेल तर वेगळा प्रोसेसर (सिग्नल सोडवणारा डबा) आणि वेगळे पॉवर अ‍ॅम्पच घ्या, ४ ओहमचे टॉवर रिसीव्हरला झेपतच नाहीत. दुसरे म्हणतात, नवा रिसीव्हर आणा आणि विषय संपवा. मला तारांची कामं जमतात, मल्टिमीटर घरात आहे, पण निर्णय होत नाहीये. वेगळ्या अ‍ॅम्पने बाबांना शब्द जास्त स्पष्ट कळतील का? हे एवढं कुणीतरी मनापासून सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी आजवर तीन रिसीव्हर वापरले आणि वेगळे अ‍ॅम्प घेण्याची गरज मला एकदाही पडली नाही. तुमच्या खोलीला मधल्या श्रेणीतला नऊ चॅनेलचा रिसीव्हर पुष्कळ झाला. खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका एवढंच सांगेन. '१५० वॉट' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजाची विकृती), एकच चॅनेल चालू'. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत, असा आकडा शोधा. एकाच यंत्राचे हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांत भरेल.

रूम करेक्शन, म्हणजे माइकने मोजून खोलीप्रमाणे आवाज जुळवायची सोय, कोणती आहे ते मात्र जरूर बघा. ऑडिसी, डिरॅक, यापाओ, काहीही असो, माइक लावून सहा-आठ जागी नीट मोजलंत की जो फरक पडतो तो अ‍ॅम्प बदलून पडत नाही. मी पहिल्यांदा मापन केलं तेव्हा माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवला होता, सगळा आवाज कोंदट झाला. स्टँडवर, कानाच्या उंचीला धरून परत केलं तेव्हा तोच रिसीव्हर बोलायला लागला.

प्रतिसाद २

मी नेमका दुसऱ्या बाजूचा. गेली सहा वर्षं प्रोसेसर, तीन चॅनेलचा एक अ‍ॅम्प आणि दोन चॅनेलचा एक, असा संच आहे. मला तो प्राणापेक्षा प्रिय आहे आणि तरीही तुम्हाला लगेच 'घ्या' म्हणणार नाही.

चांगलं आधी सांगतो. मोठ्या खोलीत, कमी संवेदनशीलतेचे स्पीकर असतील आणि आवाज खरोखर मोठा लावत असाल, तर वेगळ्या अ‍ॅम्पची ताकद जाणवते. माझी खोली तुमच्या दुपटीहून मोठी आहे. रिसीव्हर होता तेव्हा दीड तासाच्या सिनेमात दोनदा स्वतःला वाचवायला प्रोटेक्शनला जाऊन बंद पडायचा. आता तसं होत नाही.

त्रासही ऐका. एक, प्रोसेसरमध्ये स्पीकर चालवायचे अ‍ॅम्प नसतात, तरी तो बहुतेक वेळा तशाच रिसीव्हरपेक्षा महाग पडतो, कारण तो खपतो कमी. दोन, वजन आणि उष्णता. माझा तीन चॅनेलचा अ‍ॅम्प मी एकट्याने उचलत नाही. तीन, घुं. पहिले पंधरा दिवस सगळ्या स्पीकरमधून एक बारीक, अखंड घुं येत होती. अ‍ॅम्प बदलून पाहिला, तारा बदलल्या, रात्र रात्र बसलो. शेवटी एकेक वायर काढत गेलो आणि अँटेनाची वायर काढली त्या क्षणी खोली शांत झाली. ती वायर बाहेर वेगळीकडे अर्थ झालेली आणि अ‍ॅम्प भिंतीतल्या अर्थवर, त्या दोघांतून वळसा तयार झालेला. अँटेनाच्या वायरला आयसोलेटर बसवला, प्रश्न मिटला. तेव्हा मला दोन जणांनी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला दिला होता. ते कधीही करू नका. घुं जाते खरी, पण आत काही बिघडलं तर धातूच्या अंगात वीज उतरते आणि हात लावणाऱ्याला ती लागते.

बाबांच्या शब्दांचं म्हणाल तर माझ्याकडेही वडील येतात तेव्हा हीच तक्रार असते. एवढा संच असूनही.

प्रतिसाद ३

ताई, अ‍ॅम्प आणि रिसीव्हर दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, जुना रिसीव्हर भंगारात देऊ नका. तुमच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं ते मी आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला सांगतो. डोकं, म्हणजे सिग्नलचा भाग, गेलेलं असतं, हातपाय, म्हणजे अ‍ॅम्प, शाबूत असतात. एचडीएमआय आली २००२ च्या शेवटी. २००६ साली तिची १.३ आवृत्ती आली तेव्हा ट्रूएचडी आणि डीटीएस मास्टर ऑडिओ हे दर्जेदार आवाजाचे प्रकार वायरीतून जायला लागले. २०१३ ला २.०, वेग १८ गिगाबिट. २०१७ ला २.१, वेग ४८ गिगाबिट, आणि त्याच्याबरोबर ई-आर्क (टीव्हीतला आवाज त्याच वायरीतून परत आणणारी सोय). मध्येच २०१४ साली अ‍ॅटमॉस घरात आलं. दर तीन-चार वर्षांनी डोकं जुनं होतं. पण त्याच डब्यात ट्रान्सफॉर्मर, दोन मोठे कपॅसिटर आणि हीटसिंकवर बसवलेले ट्रान्झिस्टर आहेत, ते वीस वर्षांपूर्वी करत होते तेच आजही करतात. वेगळ्या संचाची खरी किंमत मला इथे दिसते. डोकं बदलता येतं, हातपाय राहतात. आवाजातली जादू वगैरे म्हणतात ती मात्र मला कधी सापडली नाही. दोन धडधाकट अ‍ॅम्प मल्टिमीटरने एका पातळीवर आणले आणि कोणता चालू आहे ते कुणालाच कळू दिलं नाही, तर भलेभले ओळखू शकत नाहीत. पातळीत अर्ध्या डेसिबलचा फरक राहिला तरी मोठा असतो तोच कानाला 'मोकळा' वाटतो, म्हणून तुलना फार काटेकोर करावी लागते.

आता ४ ओहमचं. स्पीकर जड आहे म्हणून रिसीव्हरला झेपत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. तुम्ही आवाज किती लावता त्यावर ते ठरतं, आणि ते तुम्ही स्वतः घरी मोजू शकता. मी गिऱ्हाइकांना कायम हेच करायला लावतो.

२०० हर्ट्झचा सलग सूर असलेली, उणे २० डेसिबल पातळीची चाचणी-फाइल घ्या. तुम्ही सिनेमा जास्तीत जास्त जिथे नेता, व्हॉल्यूम नेमका तिथे आणा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून डाव्या टॉवरच्या मागच्या दोन टर्मिनलवर धरा. दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका, क्षणभराच्या शॉर्टनेही आउटपुट उडू शकतो. जो आकडा येईल त्याला १० ने गुणा, कारण सिनेमातला कमाल सूर त्या फाइलपेक्षा २० डेसिबल वर असतो आणि २० डेसिबल म्हणजे व्होल्ट दसपट. आलेल्या व्होल्टचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागा. तुमच्या खोलीत, तुमच्या सवयीला, तुमच्या स्पीकरला कमाल इतके वॉट लागतात. सेंटरलाही असंच मोजा, फक्त त्यासाठी ५.१ ची (पाच स्पीकर आणि सबसाठीची) फाइल घ्या जिच्यात सूर एकट्या सेंटरमध्ये असेल.

आकडा बघितल्यावर एक ध्यानात ठेवा. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. १०० वरून २०० वॉटवर गेलात तर 'हो, जरासा वाढला' इतकंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. अ‍ॅम्प विकणारे हे गणित सांगत नाहीत.

शिवाय तुमच्याकडे सबवूफर आहे. सगळे स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला असेल (म्हणजे ८० च्या खालचा आवाज सबकडे जात असेल) तर सर्वांत जड काम सबचा अ‍ॅम्प करतो आणि रिसीव्हरच्या अंगावरचं बरंच ओझं उतरतं. टॉवर 'लार्ज' करून ठेवले असतील तर ते आजच बदला. मागे ओहम निवडायची सेटिंग असेल तर तिला हात लावू नका. ती ४ वर नेली की आतलं व्होल्टेज उतरवलं जातं. डबा गार राहतो, पण ताकद कमी होते आणि तुम्हाला हवं त्याच्या उलटं होतं.

आणि जुन्याच्या पाठीमागे एकदा टॉर्च मारून बघा. '७.१ सीएच इन' किंवा 'मल्टी सीएच इन' असं लिहिलेल्या आरसीए (गोल ऑडिओ पिनेच्या) जागांची रांग आहे का? त्या काळातल्या काही बऱ्यापैकी रिसीव्हरांना ती असायची, ट्रूएचडी प्लेअरमधून थेट आत घ्यायला. ती असेल तर वेगळा अ‍ॅम्प तुमच्या घरात आधीपासूनच आहे. नवा रिसीव्हर प्री-आउट (अ‍ॅम्पच्या आधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या जागा) असलेला घ्यायचा, त्याचे समोरचे तीन प्री-आउट जुन्याच्या त्या रांगेत द्यायचे, आणि टॉवर-सेंटर जुन्यावर चालवायचे.

जाता जाता एक दुखरी गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या बोर्डांपैकी फार मोठा वाटा बंद कपाटात कोंडलेल्या रिसीव्हरांचा असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. वरती वीतभर मोकळी जागा सोडा आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. हात जोडून सांगतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाल्या दादांचं वाचून काल रात्री बाबा झोपल्यावर मोजमाप केलं. आकडे जसेच्या तसे देते.

आमचा सगळ्यात मोठा आवाज म्हणजे रिसीव्हरच्या व्हॉल्यूमवर उणे १५. डाव्या टॉवरवर १.१ व्होल्ट आले, उजव्यावरही तेवढेच. म्हणजे कमाल ११ व्होल्ट, वर्ग १२१, भागिले ४, साधारण ३० वॉट. सेंटरवर १.६ आले. १६ चा वर्ग २५६, भागिले ६, साधारण ४३ वॉट. मी तीनदा मोजलं, कारण विश्वास बसेना. जड म्हणून ज्या टॉवरची काळजी करत होते त्यांना ३० वॉट आणि ज्याचा विचारच केला नव्हता त्या सेंटरला सगळ्यांत जास्त! माझे ४ डेसिबल त्यात आहेतच.

टॉवर 'लार्ज'वर होते. अकरा वर्षं. आता 'स्मॉल' केले, ८० हर्ट्झ.

मागे टॉर्च मारली. रांग आहे! धुळीने अक्षरं दिसत नव्हती, ब्रशने झाडल्यावर '७.१ सीएच इन' दिसलं. आनंद झाला हे लपवत नाही.

आता शंका. नव्या रिसीव्हरच्या प्री-आउटमधून जुन्याला पुरेसा सिग्नल मिळेल का? जुन्याचा व्हॉल्यूम कुठे ठेवायचा? आणि ३०-४० वॉटच लागणार असतील तर एकटा नवा रिसीव्हरही ते देईलच की, मग ही जोडाजोड कशाला? बाबांच्या शब्दांवर उपाय तर अजून कुणीच सांगितला नाही.

प्रतिसाद ४

वॉटचं तुम्ही स्वतःच उत्तर काढलंत. हो, एकटा नवा रिसीव्हर पुरेल. पण ४ ओहमच्या स्पीकरचा रोध काही वारंवारतांना ३ च्या आसपास उतरलेला असू शकतो, तिथे व्होल्ट तेवढेच राहून करंट वाढतो. पाच-सात चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर ओढत असताना समोरचे तीन बाजूला काढले तर नवा डबा निवांत आणि गार चालतो. जुना घरात फुकट आहे म्हणून हे करा. त्यासाठी नवा अ‍ॅम्प विकत घ्या असं तुमच्या आकड्यांवरून मी म्हणणार नाही.

चॅनेलचंही बघा. सात अ‍ॅम्पचा रिसीव्हर घेतलात आणि समोरचे तीन बाहेर गेले, तर आत चार मोकळे राहतात, दोन सराउंडला आणि दोन छताला. तशीही समोर तीन, सराउंड दोन आणि छत दोन मिळून सातच होतात, त्यामुळे नऊ चॅनेलच्या मागे लागायची गरज नाही. फक्त खरेदीआधी पुस्तिकेत दोन गोष्टी वाचा. एक, प्री-आउट समोरच्या तिन्हींना आहेत ना. काही रिसीव्हरांना फक्त सबवूफरचा असतो आणि तो बघून लोक फसतात. दोन, आतले अ‍ॅम्प बंद करून नुसतं प्रीअ‍ॅम्प म्हणून चालवायची सोय आहे का. ती असेल तर उत्तम. नसली तर आतला अ‍ॅम्प त्याच सिग्नलवर विनाकारण चालत राहतो आणि खूप वरच्या पातळीला त्याचं क्लिपिंग (ताकद संपल्यावर कापला जाणारा आवाज) प्री-आउटमध्येही उतरू शकतं. तुमच्या पातळीला ती वेळ येणार नाही.

सिग्नलचं म्हणाल तर बहुतेक पॉवर अ‍ॅम्पना पूर्ण ताकदीला एक ते दोन व्होल्ट लागतात आणि ते प्री-आउट सहज देतो. जुन्याचा व्हॉल्यूम एका ठिकाणी पक्का करायचा. सुरुवातीला बराच खाली ठेवा, नव्याचं माइक-मापन चालवा आणि मग नव्याने समोरच्या स्पीकरांना दिलेली लेव्हल बघा. ती अधिक १२ ला टेकली तर जुन्याचा व्हॉल्यूम कमी आहे, उणे १२ ला टेकली तर जास्त आहे. शून्याच्या आसपास, उणे ३-४ पर्यंत आली की झालं. जुन्यात 'चालू होताना व्हॉल्यूम' अशी सेटिंग असते, तिथे तोच आकडा भरून ठेवा. जुन्याचं स्वतःचं रूम करेक्शन, टोन, काही लावू नका. तो जर आत सिग्नल डिजिटल करून थोडा उशीर लावत असेल तर नव्याच्या मापनात त्या स्पीकरांचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं जाईल. घाबरू नका, आकडा तसाच ठेवा. बाकीच्या स्पीकरांना तो तेवढाच उशीर लावून घेतो.

आता बाबा. माझ्या आईचं ऐकणं वयाने उतरलं तेव्हा मी यात पुष्कळ दिवस घातलेत. वयानुसार वरच्या वारंवारता आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात, म्हणून आवाज येतोय असं वाटतं. पण स, श, च, त, फ यांची ओळख पटते ती २ किलोहर्ट्झच्या वरच्या भागात. ते पुसट झाले की 'साप' आणि 'ताप' सारखेच. तुमचे बाबा 'शब्द सुटत नाहीत' म्हणतात ते अगदी नेमकं बोलतायत. सेंटर वाढवला की सगळंच वाढतं, खालचा गडगडाटसुद्धा.

म्हणून विचारतो, सेंटर आहे कुठे? टीव्हीखालच्या फळीवर, आत सरकवलेला, गुडघ्यांकडे तोंड करून? वरच्या वारंवारता सरळ रेषेत जातात, बाजूला लवकर ढळतात. आणि आत सरकवलेल्या स्पीकरचा आवाज फळीवर आपटून परत येतो, त्याने शब्द आणखी चिखलतात. स्पीकर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा, पुढून थोडा उचला, ट्विटर (वरच्या वारंवारतांचा छोटा स्पीकर) बाबांच्या कानांकडे रोखा. नव्या रिसीव्हरमध्ये लहान-मोठ्या आवाजांतलं अंतर कमी करणारी सेटिंग असेल, कुठे तिला 'नाइट मोड' म्हणतात कुठे आणखी काही. ती 'लो' किंवा 'मीडियम'वर लावून पाहा, तुमचा रिमोटचा खेळ तिथे थांबेल. आणि कानांची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. यंत्राने भरून निघणार नाही असा काही भाग त्यात असतो.

प्रतिसाद २ वाल्यांचा पुन्हा

जुन्यावर जोडताना एक. चालू करताना आधी नवा, मग जुना. बंद करताना आधी जुना, मग नवा. अ‍ॅम्प नेहमी शेवटी उठतो आणि आधी झोपतो, नाहीतर नवा चालू-बंद होतानाचा 'ठप्प' अ‍ॅम्पमधून मोठा होऊन ट्विटरवर आदळतो. घुं आलीच तर मी केलं तेच करा, एकेक वायर काढत जा, आधी अँटेना.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद, चार आठवड्यांनंतर

सांगायला उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सेंटर अगदी तुम्ही म्हणालात तिथेच होता, फळीच्या आत सात-आठ इंच. खरेदीच्या आधीच त्याला कडेपर्यंत ओढला आणि पुढच्या दोन कोपऱ्यांखाली दाराला लावतात तशा रबरी पाचरी सरकवल्या. बाबांच्या खुर्चीत बसून मोबाइलचा टॉर्च डोळ्यांसमोर धरला आणि एका छोट्या आरशाने ट्विटरची दिशा जुळवली. आरसा ट्विटरसमोर बसवायचा आणि खुर्चीतून आपलाच टॉर्च त्यात दिसेपर्यंत पाचर आत-बाहेर करायची. ट्विटरला हात लागू नये म्हणून आरसा त्याच्या कडेच्या चौकटीवर बसवला. त्या रात्री बाबांना काहीच सांगितलं नाही. अर्ध्या सिनेमानंतर तेच म्हणाले, 'आज हा माणूस नीट बोलतोय.' तोच सिनेमा आम्ही महिनाभरापूर्वी पाहिला होता.

तपासणीही करून आणली. दोन्ही कानांत वरच्या वारंवारतांची घट निघाली, आलेखात ३ किलोहर्ट्झनंतर रेषा घसरत गेलेली. श्रवणयंत्राचं माप दिलंय, पुढच्या आठवड्यात मिळेल.

नवा रिसीव्हर घेतला तो सात चॅनेलचा, प्री-आउट असलेला, ई-आर्क असलेला. टॉवर आणि सेंटर जुन्यावर. पहिल्या मापनात समोरच्या तिघांची लेव्हल अधिक १२ आली, म्हणजे जुन्याचा व्हॉल्यूम फार खाली होता. तीन वेळा मापन केल्यावर उणे २.५ वर बसलं. टॉवर खरे १० फुटांवर आहेत आणि नवा १२ फूट दाखवतो, तो आकडा तुम्ही सांगितलंत म्हणून तसाच ठेवला. मापनाने सेंटर टॉवरच्या बरोबरीला आणला. माझे वाढवलेले ४ डेसिबल परत घालायचा मोह झाला, बाबांना विचारून फक्त १ घातला. नाइट मोड 'लो'वर. काल पूर्ण सिनेमात रिमोटला दोनदा हात लावला.

घुं अजिबात नाही. अँटेनाची वायर आमच्याकडे नाहीच, त्यामुळे असेल. जुना आता कपाटाबाहेर, उघड्या फळीवर आहे. पूर्वी वरचं झाकण हात ठेववत नाही इतकं तापायचं, आता कोमट असतं. दादा, तुमचं ऐकलं.

छताचे स्पीकर अजून लावलेले नाहीत. त्यासाठीचे दोन चॅनेल आत तसेच मोकळे आहेत. छतात वायर कशी न्यायची यावर वेगळा धागा काढेन.

जुन्याला नव्याबरोबर आपोआप चालू करायची सोय नाही, तो हातानेच लावावा लागतो. चालू-बंद करायचा क्रम बाबांनी स्वतःच्या अक्षरात एका चिठ्ठीवर लिहिलाय, 'आधी नवा, मग जुना. बंद करताना आधी जुना, मग नवा,' आणि ती रिमोटच्या मागे चिकटवली आहे. जुन्याच्या व्हॉल्यूमच्या बटणावरही त्यांनीच चिकटपट्टी मारली, कुणी फिरवू नये म्हणून.